विमानांच्या पागेतले आबासाहेब

विमान कोणतेही असो, आबासाहेब त्याच्याजवळ डाव्या बाजूनेच जात. एखादा प्रशिक्षणार्थी उजवीकडून जाताना दिसला, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज येई, "ए बाळ, लाथ खायचीये का?" विमान लाथ मारत नाही, हे त्यांना माहीत होते. परंतु त्यांचे सारे तारुण्य ग्वाल्हेर संस्थानाच्या पागेत घोड्यांबरोबर गेले होते, आणि युद्धाच्या काळात दरबारच्या हुकमाने ते विमानतळावर आले, तेव्हा आपली भाषा बदलण्याची त्यांना गरज वाटली नाही. हँगर ही पागा. पेट्रोल ही घोड्याची चंदी. विमान पुसणे म्हणजे खरारा. सकाळी ते मेकॅनिकला विचारीत, "क्यों भाई, चंदी हो गई? खरारा?" आणि पंजाबातून आलेला तो मेकॅनिक, ज्याने आयुष्यात घोड्याला हात लावला नव्हता, अदबीने सांगे, "हो गया, आबासाहब. पानी भी पिला दिया."

पुढे माझ्या वाचनात आले, की वैमानिक बहुतेक ठिकाणी डावीकडूनच विमानात चढतात आणि त्याचे मूळ काही जण घोडदळातच शोधतात. मोठ्या उत्साहाने मी हे आबासाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे जगाला अक्कल आहे तर."

मी त्या तळावर गेले तेव्हा नुकतीच भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली होती आणि माझा आराखडा तयार होता. प्रशिक्षण केंद्रात वर्षभर मुलांना विज्ञान आणि हवामान शिकवायचे, थोडा अनुभव गाठीला बांधायचा आणि पुण्याला जाऊन हवामानशास्त्रात संशोधन करायचे. या आराखड्यात माणसांना विशेष जागा नव्हती. मैदानावरच्या सर्व कामांची देखरेख आबासाहेबांकडे होती: धावपट्टीची झाडलोट, पहारे, फाटकावरचे पास, आणि नव्या मुलांना मैदानावर वागायचे कसे हे शिकवणे. पहिल्या दिवशी त्यांनी मला फाटकावर अडवले आणि माझे नाव विचारण्याआधी घराणे विचारले. आम्हीही त्यांच्यासारखेच कंपूतले, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या छावणीच्या वस्तीतले, पिढ्यांपूर्वी दख्खनमधून फौजेबरोबर आलेले, असे कळल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. "मग पास कशाला पाहिजे?" असे ते म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "आपल्या लोकांचा पास तर आधी बघावा लागतो. नाहीतर बाकीचे काय म्हणतील?"

उंची भरपूर, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या होण्याच्या बेतात. खाकी सदरा नव्या सरकारचा आणि पायातले बूट जुन्या दरबारचे. चहा बशीत ओतून, पण उभ्यानेच पीत. वाऱ्याकडे पाठ करून ते कधी बसत नसत, म्हणून त्यांच्या कचेरीतली खुर्ची दिवसातून दोन-तीनदा जागा बदले. हवेचा अंदाज सांगण्याची त्यांना हौस होती. मी पद्धतशीरपणे पडताळून पाहिले: नाणे उडवून सांगितलेला अंदाज त्यांच्यापेक्षा अधिक वेळा खरा ठरला असता. हे मी त्यांना तोंडावर सांगितले, तेव्हा ते मुळीच ओशाळले नाहीत. "अगं, मी सांगतो ते आज नाही झालं तर उद्या होतं. तू फिकर नको करू." ते माझ्या तासाला कधीकधी शेवटच्या बाकावर येऊन बसत. ढगांचे प्रकार मी फळ्यावर काढले, की हळूच शेजारच्या मुलाला म्हणत, "बाई चित्र छान काढतात."

तळाचा इतिहास सांगण्याची माझी आणि त्यांची रीत वेगळी. मी सांगेन तो असा: महायुद्धात इंग्रजांनी मुरारच्या पुढे, हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या शेतांवर हा तळ बांधला, युद्ध संपल्यावर ते गेले, संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाले, मग येथे प्रशिक्षण केंद्र निघाले. आबासाहेब तोच इतिहास असा सांगत: "आधी चणा होता. मग गोरे आले, त्यांनी डांबर ओतलं. गोरे गेले, परत चणा आला. मग तुम्ही लोक आलात."

"परत चणा आला" हा अलंकार नव्हता. इंग्रजांकडून तळाचा ताबा घ्यायला दरबारने आबासाहेबांना पाठवले होते. त्यांनी ताबा घेतला, आणि तो ज्याला द्यायचा तो दरबारच थोड्या दिवसांत राहिला नाही. नव्या राज्याच्या कचेऱ्यांना हा तळ आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसावे. तळ बंद करा असा हुकूम आला नाही, चालू ठेवा असाही आला नाही. पहाऱ्याची चार माणसे घेऊन ते तिथेच राहिले. त्या मोसमात शेजारच्या गावची माणसे आली. त्यांच्यातल्या कित्येकांची शेते त्या डांबराखाली गेलेली होती. त्यांचे म्हणणे एवढेच, की पट्टीवर मळणी करू द्यावी. "पक्की जमीन है, साब. दानो माटी में नईं मिलेगो."

आबासाहेबांनी परवानगी दिली, एका अटीवर. "अन् विमान आलं तर?"

"अब कौन आत है, साब?"

"आलं तर," असे म्हणून त्यांनी खिशातली शिट्टी काढली.

शिट्टी झाली की बैल बाजूला, रास बाजूला आणि बायकांनी झाडू घेऊन एका रांगेत पट्टी झाडत जायचे. विमान येण्याची कोणतीही शक्यता नसताना त्यांनी या प्रकाराची कवायत घेतली. एकदा नव्हे, मळणी संपेपर्यंत अधूनमधून. गावच्या म्हाताऱ्या त्यांना शिव्या देत आणि झाडत. "शेवटी शेवटी तर बैलच शिट्टीवर चालायला लागले," असे ते अभिमानाने सांगत. आणि एके दिवशी खरोखरच आकाशात घरघर झाली. नव्या सरकारचे कोणी मोठे अधिकारी ओस पडलेला तळ पाहायला आले होते. विमान टेकले तेव्हा पट्टी स्वच्छ होती. फक्त भुसा हवेत उडत होता. तो अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत गेला. रुमालाने डोळे पुसत त्यांनी इंग्रजीत विचारले, की हा तळ वापरात आहे का? आबासाहेबांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि आपल्याजवळच्या मोजक्या इंग्रजीतून उत्तर दिले, "डेली, सर."

या उत्तरावर त्यांची नव्या सरकारात नेमणूक झाली, असे ते म्हणत. मी ही गोष्ट तीन माणसांकडून ऐकली आणि तिन्ही कथनांत भुसा होता. त्यामुळे ती खरी असण्याची शक्यता मी बरीच धरते.

परंतु ती नेमणूक कच्ची होती. ते दिवसच कच्चेपक्के होते. संस्थानी फौजेतली माणसे नव्या सैन्यात घ्यायची की घरी पाठवायची, याची छाननी वर्षानुवर्षे चालली होती. कचेऱ्यांच्या दारांवरच्या पाट्या बदलत. राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी फिरत असे. आता तर मध्यभारतच मोडून मोठे राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असे ऐकू येई. माझ्या वडिलांची कचेरी हलण्याच्या तयारीत होती. कंपूतल्या ओळखीच्या घरांतून रोज एखादी बैलगाडी सामान लादून स्टेशनकडे निघे. अशा वातावरणात आमच्या केंद्रात समिती येणार असल्याचे कळले. सरकारी भाषेत तिचे नाव निवड समिती; हँगरमध्ये सगळे तिला छँटनी म्हणत. ज्यांचे वय पंचावन्नच्या आत, त्यांना कायम करणार, बाकीच्यांना निरोप. आबासाहेबांच्या नोंदीप्रमाणे त्यांना त्याच महिन्यात पंचावन्न पुरी होत होती.

त्यांना राहायचे होते. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण एका दुपारी ते माझ्या वर्गात आले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "बाई, साहेबापुढे इंग्रजीत एक वाक्य बोलायचंय. माझी तब्येत ठणठणीत आहे, अजून दहा वर्षं काम करीन. छोटंसं करून दे."

मी करून दिले: "आय ॲम फिट, सर." दहा वर्षे त्यात मावली नाहीत. पुढचे काही दिवस धावपट्टीच्या कडेने जाताना त्यांचे ओठ हलताना दिसत.

"अन् मला काढलं तर," एकदा ते आपणहून म्हणाले, "सकाळी उठून मी जाऊ कुठे? थाटीपुरात भाजी आणायला?"

त्याच आठवड्यात चहाच्या वेळी मुलांनी मला धूमकेतूविषयी विचारले. मी शेपटीची दिशा समजावत होते, तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "शेंडेनक्षत्र ना? मी पाहिलंय ते. बापाच्या खांद्यावर बसून. पडू नये म्हणून त्याचे दोन्ही कान धरले होते. तो ओरडून राहिला होता, कान सोड, कान सोड."

मुले हसली. मी हसले नाही, कारण तो मोठा धूमकेतू कोणत्या साली दिसला हे मला पाठ होते. नोंदीतले वय खरे धरले, तर आबासाहेब त्या वेळी दहा वर्षांचे होते. दहा वर्षांचा, पुढे सहा फुटांवर गेलेला मुलगा खांद्यावर बसून बापाचे कान धरत नाही. मुले गेल्यावर मी त्यांना विचारले, "आबासाहेब, तुम्ही तेव्हा चार-पाच वर्षांचे असणार. मग आज तुम्ही पन्नाशीतच आहात. नोंदीत पाच वर्षं जास्त कशी?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तू सगळ्याचा हिशोब नको करत जाऊ, पोरी. हिशोबानं माणसं उघडी पडतात."

मी तेवढ्यावर थांबणारी नव्हते. आमच्या घरापासून त्यांचे घर दोन गल्ल्या सोडून. त्यांची आई अजून होती, आणि कंपूत ती सगळ्यांची आईसाहेब होती. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. मी धूमकेतूचा हिशोब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि अर्धे मटार माझ्यापुढे सरकवले.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "मानमोडीच्या साथीत याचा बाप गेला. पागेतली असामी रिकामी झाली. असामी म्हणजे जागा गं, बापामागे मुलाला मिळायची. घोडा आमचा, खोगीर आमचं, पण बसणारा बारा वर्षांचा. सतराच्या खाली घेत नसत. मागे दोन बहिणी. मी याला बापाचा फेटा बांधला, वेढे दोन जास्त दिले, अन् फौजेच्या बक्षीसाहेबांपुढे नेऊन उभा केला. ते म्हणाले, वय? मी म्हटलं, सतरा. म्हणाले, मिसरूड कुठंय? मी म्हटलं, याच्या बापालाही उशिराच फुटली."

"मग?"

"मग काय! मागे पागेतले सगळे उभे होते. एकजात बोलले, हो हो, उशिराच, उशिराच. बक्षीसाहेब हसले नाहीत बरं, पण मिशीवरून हात फिरवला. मी अंगठा उठवला. झाला हा सतरा वर्षांचा." त्यांनी एक शेंग फोडली. "तेव्हा पाच वर्षं दिली होती, आता परत घ्यायची. त्यात काय एवढं? मी सांगते की साहेबाला."

तर्काने पाहता प्रश्न येथे सुटला होता. समितीपुढे अशी प्रकरणे पुष्कळ येत. संस्थानी नोंदींतली वये अंदाजाने घातलेली असतात हे सर्वांना माहीत होते. आईचे निवेदन पुरे होते. दुसऱ्या दिवशी मी हे सारे आबासाहेबांपुढे क्रमाने मांडले. ते खुर्ची वाऱ्याच्या दिशेला फिरवत होते, फिरवायचे थांबले.

"तू आईकडे गेली होतीस?"

"हो. त्या सांगायला तयार आहेत."

"ती तर तयारच असेल. तिला कशाची भीती?" ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "त्या दिवशी माझ्यासाठी सगळी पागा खोटं बोलली, बाई. म्हातारे जमादार, ज्यांनी देवापुढेसुद्धा कधी मान तुकवली नाही, ते बारा वर्षांच्या पोरासाठी खोटं बोलले. त्यांतला एकही आता जिवंत नाही. अन् मी आज खुर्ची वाचवायला जाऊन सांगू, की ते सगळे लबाड होते, माझी आई लबाड होती, अन् मी एकटा खरा?"

"पण खरं तेच आहे."

"असेल," ते म्हणाले. "तुमच्या विज्ञानात असेल."

मला त्यांचा राग आला. एका माणसाला हवी असलेली गोष्ट केवळ एक वाक्य बोलून मिळणार आहे आणि ते वाक्य खरे आहे. असे असताना तो गप्प बसतो, हे माझ्या शिक्षणात कोठेच बसत नव्हते. मी भांडले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तो पंखा बंद करून जा. उगाच फिरतोय."

समिती आली त्या दिवशी ऊन कडक होते. प्रशिक्षणक्रमाची माहिती देण्यासाठी मला समितीसमोर बसवले होते. मधल्या वेळात फाटकावरचा शिपाई धावत आला. "मॅडम, आबासाहब की माताजी आई हैं. ताँगे से. अंदर जाने की ज़िद कर रही हैं."

मी फाटकाशी पोचले तेव्हा आबासाहेब माझ्या आधी तिथे होते. अडसर आडवा टाकलेला होता. पलीकडे आईसाहेब, नऊवारी, पायांत चपला, डोक्यावर पदर. अलीकडे ते, इस्त्रीच्या खाकीत, ताठ.

"पास?" आबासाहेब म्हणाले.

"काय?"

"पासाशिवाय आत सोडता येत नाही."

"पास? तुला जन्माला घातलं तेव्हा मी कुणाचा पास काढला होता रे?"

शिपायाने तोंड फिरवले. आबासाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "नियम सगळ्यांना सारखा आहे, आई."

"मग दे ना पास! तूच देतोस ना?"

"अर्ज आदल्या दिवशी करावा लागतो."

"बघ गं बघ," त्या मला म्हणाल्या, "पाच वर्षांनी मोठा केला तर हा मलाच शहाणपण शिकवतो. अरे मूर्खा, मला दोन शब्द बोलायचेत साहेबाशी. मी सांगते, माझी चूक झाली म्हणून. म्हातारीला कोण फाशी देतंय?"

"म्हणूनच पास नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. त्यांनी शिपायाला बजावले, "माताजी को छाँव में बिठाओ. पानी देना. अंदर नहीं," आणि ते निघाले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

समितीचे अध्यक्ष मद्रासकडचे, शांत स्वभावाचे वयस्क अधिकारी होते. फाटकावरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असावा. कागद चाळत, अडखळत्या हिंदीत त्यांनी विचारले, "बाहर कोई बुज़ुर्ग महिला कुछ कहना चाहती हैं?"

"मेरी माताजी हैं, सर. पास नहीं है."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "देखिए, पुरानी रियासतों के रिकॉर्ड में उम्र अक्सर ग़लत होती है. अगर आपके यहाँ भी ऐसा कुछ हो, तो अभी बता दीजिए. मैं लिख लूँगा."

दार उघडले होते. त्यातून फक्त आत पाऊल टाकायचे होते. मी आबासाहेबांकडे पाहिले.

"सर," ते म्हणाले, "मेरी पैदाइश के वक़्त माताजी होश में थीं, मैं नहीं था. उन्होंने जो लिखवाया, वही सही है."

अध्यक्ष बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. ती ताठ पाठ, त्या अजून पुरत्या न पिकलेल्या मिशा. मग जणू स्वतःशीच, इंग्रजीत म्हणाले, की तुम्ही तर चांगले धडधाकट दिसता.

"येस, सर," आबासाहेब म्हणाले. "आय ॲम फिट, सर."

अध्यक्षांनी लिहिला तो निरोप एका ओळीचा होता. आबासाहेबांनी सॅल्यूट केला, वळले आणि बाहेर पडले. मी काही महिन्यांनी पुण्याला गेले. ज्या कामासाठी जायचे ठरवले होते ते काम मी करते, आणि बरे करते. मोजता येईल त्यावरच विश्वास ठेवण्याची सवय कायम आहे. तरी त्या दिवशीच्या साक्षीला खोटी साक्ष म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

समितीपुढून निघून मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. आईसाहेब सावलीत बसल्याच नव्हत्या; टांग्यात चढून, काठी गुडघ्यांवर आडवी धरून वाट पाहत होत्या. आबासाहेब अडसराखालून वाकून बाहेर आले आणि टांग्याशी उभे राहिले.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तू सांगितलं होतंस तेच."

आईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. काठी उचलली, मला वाटले मारतात की काय. पण त्यांनी ती बाजूला ठेवली, पदर पुढे ओढला आणि बाकावर सरकून शेजारी जागा केली.

"बस वर," त्या म्हणाल्या. "या वयात इतका वेळ उन्हात उभं राहू नये माणसानं."